पांढरी पाच

मी ते नाटक पाहिलंच नाही.
ठाण्यात, नाट्यगृहामागच्या गल्लीत,
जनरेटरशेजारी उभ्या गाडीत बसले होते,
कानांवर हेडफोन, समोर चोवीस ट्रॅक
हिरव्या उड्या मारणारे.
पाच कॅमेरे काय बघत होते, त्यांचं त्यांना ठाऊक.
मला तो शनिवार फक्त ऐकू आला:
तबल्यावरची हातोडी,
ऑर्गनच्या भात्याचा दमेकरी श्वास,
तलावपाळीवरच्या कुल्फीवाल्याची घंटा,
दुसऱ्या अंकात थेट राजवाड्यात शिरलेली.
ती हुसकायला पुढे मला दोन दिवस लागले.

नटांना वाटतं, विंगेत गेलं की संपलं.
माइक कमरेला तसाच असतो, जागा.
महाराज आत येऊन म्हणतात,
गुडघा गेला रे, खुर्ची आण.
सेनापती बायकोला विचारतो, गॅसवाला आला का.
मी आवाजाची पट्टी खाली ओढते.
ऐकलेलं खाली ओढता येत नाही.

तिसऱ्या अंकाआधी, ट्रॅक नऊ.
शर्वाणीबाई पोतनीस. वय एकसष्ट,
भूमिकेत एकोणीस.
आधी बांगड्या. मग कोमट पाण्याचा घोट.
मग अगदी हळू, "अण्णा, आज पांढरी पाच द्या."
ऑर्गनवरून उठून आलेले अण्णा खांबेटे
तिच्या पदराआडून ऐकू आले:
"चाळीस वर्षं काळी चारमध्ये गाताय.
आज तर कॅमेरे आहेत."
"म्हणूनच."
पुढे बराच वेळ नुसती शालूची सळसळ.

पडदा उघडला. अण्णांनी काळी चारच दिली.
का, मला माहीत नाही. हट्ट असेल,
किंवा जुना विश्वास,
जो कधीकधी हट्टासारखाच वागतो.

अंतऱ्यात, वरच्या षड्जाच्या एक पायरी अलीकडे
आवाज फाटला.
फार नाही. मांजरपाटाची कड उसवावी, एवढाच.
माझ्या पडद्यावरच्या लाटेला खाच पडली.
तिने ओळ संपवली. पदही संपवलं.
आणि मग भरल्या नाट्यगृहाची ती शांतता,
जिला ट्रॅक नसतो, वजन असतं.

चौदा नंबरचा माइक बाल्कनीखाली, दाराशी टांगलेला.
त्यावर एक घसा खरखरला,
"वन्समोअर!"
तो प्रेक्षक नव्हता. तो तांडेल होता,
चेंदणी कोळीवाड्यातला, बॅटरी धरून उभा राहणारा.
मला कळलं, कारण पुढच्याच श्वासात
त्याने कुणाला तरी सांगितलं,
"एच बारा. जपून, पायरी आहे."

मग सगळेच म्हणाले, वन्समोअर.
भाता क्षणभर थांबला.
आणि कुणी न मागता, कुणी न सांगता
पांढरी पाच.
ट्रॅक नऊवर आधी एक बारीकसं हसू आलं,
शेवटच्या रांगेलाही न पोचणारं.
मग ती गायली,
घरात दार लोटून घेऊन गातात तशी.

तीन आठवड्यांनी, वागळे इस्टेटच्या एडिटमध्ये
ठोसर म्हणाले, पहिलं पद उडवा, दुसरं ठेवा.
आणि तो वन्समोअर झकास आहे,
तो पदाच्या शेवटी लावा.
लावला. बोटभर सरकवायचा होता, सरकवला.

आता घरोघरच्या टीव्हीवर पद निर्दोष आहे.
पद संपतं, तांडेल ओरडतो,
टाळ्या पडतात, आणि लगेच तुरुंगाचा प्रवेश.
सोफ्यावरच्या लोकांना वाटत असेल,
एवढा मागितला, आणि बाईंनी दिला नाही.

परवा शर्वाणीबाईंचा फोन आला.
छान झालंय म्हणाल्या. आवाज स्वच्छ.
कुल्फीवाला कुठे गेला हो, असंही विचारलं.
मग थोडं थांबून, कोमट पाण्याचा घोट घेऊन,
"फक्त तो वन्समोअर
जरा उशिरा आलाय."